मन बदलण्याचे पंधरा टक्के

अमेरिकेतल्या ‘बेस्ट बाय’ या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीच्या परतीच्या नियमांत २०१० पर्यंत एक यादी असायची. लॅपटॉप, प्रोजेक्टर, कॅमकॉर्डर, डिजिटल कॅमेरा, गाडीतला जीपीएस आणि रडार डिटेक्टर. यांपैकी कशाचंही खोकं उघडलं आणि मग वस्तू नकोशी झाली, तर पैसे परत मिळत. पण पंधरा टक्के कापून. आयफोनला दहा टक्के, खास मागणीवरून आणवलेल्या मालाला पंचवीस.

यादी वरवर पाहता विस्कळीत वाटते. प्रोजेक्टरचा आणि पोलिसांच्या वेगमापक यंत्राची आगाऊ वर्दी देणाऱ्या रडार डिटेक्टरचा संबंध काय? पण परतीच्या काउंटरवर उभं राहणाऱ्या कर्मचाऱ्याला तो चांगला ठाऊक होता. या सगळ्या वस्तू एखाद्या प्रसंगापुरत्या लागतात. घरात लग्न आहे, कॅमकॉर्डर आणा. ऑफिसात एकच सादरीकरण आहे, प्रोजेक्टर आणा. आठवडाभर गाडीने भटकायचंय, जीपीएस आणि रडार डिटेक्टर आणा. काम झालं की सगळं खोक्यात भरून दुकानात. भाडं शून्य. या बिनभाड्याच्या वापरावर दुकानदाराने शोधलेला उतारा म्हणजे रीस्टॉकिंग फी, परत आलेला माल पुन्हा विक्रीला मांडण्याचा आकार.

टीव्हीची तऱ्हाही तीच. अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, फेब्रुवारीत होतो. त्याच्या आधी मोठ्या पडद्याचे टीव्ही धडाक्याने खपतात आणि सामना संपला की त्यातले काही परत येतात, ही तिथल्या दुकानदारांची जुनी तक्रार आहे. पण हजार डॉलरचा लॅपटॉप परत देणाऱ्या प्रत्येकाने डाव साधलेला असतो असं नाही. कुणाला कळफलक आवडत नाही, कुणाला पडदा लहान वाटतो, कुणाच्या बायकोने तोच लॅपटॉप आधीच घेऊन ठेवलेला असतो. दीडशे डॉलर मात्र सगळ्यांचे सारखेच कापले जात.

आवडलं नाही तर पैसे परत

विकलेला माल परत घेण्याची अमेरिकन सवय इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी आधीची. आरन माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये शिकागोहून टपालाने माल विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक होतं दूरवरच्या गावांतला शेतकरी. त्याने यादीत नुसतं नाव वाचून मागवलेलं कापड किंवा घड्याळ घरी आल्यावर पसंत पडेलच कशावरून? १८७५ मध्ये वॉर्डने जाहीर केलं, समाधान झालं नाही तर पैसे परत. न पाहता खरेदी करणाऱ्याचा भरवसा मिळवण्याचा तो मार्ग होता, आणि पुढे अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी तो आपलासा केला.

कापडाचा तागा परत आला तर झटकून पुन्हा फळीवर ठेवता येतो. लॅपटॉपचं तसं नाही. परत आलेल्या लॅपटॉपचा चार्जर आहे का, केबल तीच आहे का, पडद्यावर ओरखडा नाही ना, हे कुणीतरी बसून तपासावं लागतं. आधीच्या मालकाची माहिती पुसावी लागते, यंत्र मूळ स्थितीत आणावं लागतं. एवढं करूनही तो नवा म्हणून विकता येत नाही. ‘ओपन बॉक्स’ची चिठ्ठी लावून किंमत उतरवावी लागते. बेस्ट बाय अशा मालाला एक्सलंट, गुड आणि फेअर अशा प्रती लावते. त्यात संगणकांच्या विक्रीत दुकानाचा नफा मुळात तुटपुंजा, आणि नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत घसरते. खोकं मागच्या खोलीत तीन आठवडे पडून राहिलं, तर त्या तीन आठवड्यांतही ते स्वस्त होत असतं.

फोनची आणखी एक गोम आहे. २०१३ मध्ये अ‍ॅपलने आयफोनला अ‍ॅक्टिव्हेशन लॉक दिलं. चोरीला आळा घालणारी ही सोय परतीच्या काउंटरवर अडचणीची ठरते: ग्राहकाने आपल्या खात्यातून बाहेर न पडता फोन परत केला, तर तो पुढच्या माणसाच्या हातात निव्वळ काचेचा तुकडा. म्हणून आता पावतीच्या आधी कर्मचारी विचारतो, ‘खातं काढलं का?’

देवदूत आणि सैतान

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बेस्ट बायच्या अंतर्गत धोरणावर लिहिलेल्या लेखाने बरीच खळबळ उडवली. कंपनीचे प्रमुख ब्रॅड अँडरसन यांनी कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक लॅरी सेल्डन यांच्या मांडणीचा आधार घेतला होता: ग्राहकांत काही देवदूत असतात, काही सैतान. देवदूत नवा टीव्ही पूर्ण किमतीला घेतात आणि वर चार वस्तू उचलतात. सैतान सवलतीची कुपनं वसूल करतात, मग माल परत करतात आणि तीच वस्तू ‘परत आलेला माल’ म्हणून उतरलेल्या भावात पुन्हा विकत घेतात. वर्षाकाठी दुकानांत होणाऱ्या ५० कोटी भेटींपैकी १० कोटी भेटी कंपनीला नकोशा वाटत होत्या. पंधरा टक्क्यांच्या कपातीची सक्त अंमलबजावणी हे सैतानांना दाराशीच थोपवण्याच्या उपायांपैकी एक होतं.

‘कॉस्टको’ने दुसरा रस्ता धरला. या घाऊक दुकानांची ख्याती अशी की वस्तू कधीही परत न्या, कुणी काही विचारणार नाही. सपाट पडद्यांच्या टीव्हींचे भाव दरवर्षी कोसळू लागले तेव्हा हीच ख्याती अंगाशी आली. दोन वर्षांपूर्वी घेतलेला टीव्ही परत करायचा, मिळालेल्या पैशात त्याहून मोठा घ्यायचा, वर काही डॉलर खिशात घालायचे. २००७ च्या फेब्रुवारीत कॉस्टकोने आधी कॅलिफोर्नियात आणि मग देशभर टीव्ही, संगणक, कॅमेरे वगैरेंना ९० दिवसांची मर्यादा घातली. मात्र सोबत दोन गोष्टी दिल्या: टीव्ही आणि संगणकांवर दोन वर्षांपर्यंत वाढवलेली वॉरंटी आणि फुकट तांत्रिक मदतीचा फोन. हा फोन महत्त्वाचा होता. त्याचं कारण पुढे येईल.

त्याच वर्षी अ‍ॅपलची फजिती झाली. २९ जून २००७ ला आठ जीबीचा पहिला आयफोन ५९९ डॉलरला विक्रीला आला आणि ५ सप्टेंबरला त्याची किंमत ३९९ झाली. आदल्या आठवड्यात फोन घेतलेल्या माणसाने हिशेब केला असता तर दहा टक्के, म्हणजे ६० डॉलर कापून घेऊनही परत करून पुन्हा विकत घेण्यात त्याचे १४० डॉलर वाचत होते. चौदा दिवसांच्या आत फोन घेतलेल्यांना अ‍ॅपलने फरकाचे २०० डॉलर परत दिले. त्याआधीचे ग्राहक भडकले, तेव्हा स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून त्यांना १०० डॉलरची खरेदी सवलत दिली.

२०१० च्या डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या खरेदीत, बेस्ट बायने बहुतेक वस्तूंवरची रीस्टॉकिंग फी काढून टाकली. खास मागणीच्या मालावर ती राहिली. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपलनेही उघडलेल्या वस्तूंवरचे दहा टक्के सोडून दिले. एका बाजूला अ‍ॅमेझॉन, दुसऱ्या बाजूला वॉलमार्ट. अशा बाजारात भेट म्हणून मिळालेला कॅमेरा परत करायला आलेल्या माणसाकडून दंड घेणं परवडणारं नव्हतं.

फी गेली, पण कायमची नाही. आज बेस्ट बायमध्ये उघडलेला ड्रोन, डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, लेन्स, प्रोजेक्टर परत करायचा तर पुन्हा पंधरा टक्के आहेत. सिमवर चालू होणाऱ्या फोनला ४५ डॉलर. ओहायो, कोलोरॅडो, हवाई, ओक्लाहोमा यांसारखी काही राज्यं सोडून. अ‍ॅमेझॉनवर माल विकणारे स्वतंत्र विक्रेतेही मुदत उलटून गेल्यावर आलेल्या वस्तूचे २० टक्के कापू शकतात, आणि वस्तू खराब करून पाठवली तर निम्म्यापर्यंत.

बिघाड नसलेल्या वस्तूंचा डोंगर

एवढ्या वस्तू परत का येतात? ‘अ‍ॅक्सेंचर’ या सल्लागार कंपनीने २००८ मध्ये दिलेलं उत्तर उद्योगाला चटका लावणारं होतं. अमेरिकेत आदल्या वर्षी परत आलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा खर्च १३.८ अब्ज डॉलर होता आणि त्यातल्या खरोखर बिघडलेल्या वस्तू जेमतेम ५ टक्के. २७ टक्के ग्राहकांना घेतल्यावर पश्चात्ताप झाला होता. उरलेल्या ६८ टक्के वस्तू व्यवस्थित चालत होत्या. फक्त घेणाऱ्याच्या अपेक्षेला उतरल्या नव्हत्या किंवा त्याला चालवता आल्या नव्हत्या.

त्याच्या दोन वर्षं आधी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात एल्के डेन ऑडेन यांनी आपल्या प्रबंधात असाच निष्कर्ष काढला होता. बिघडली म्हणून परत केलेल्या वस्तूंपैकी निम्म्या वस्तूंत बिघाड नसतोच. नवं यंत्र चालू करण्यासाठी सरासरी अमेरिकन ग्राहक वीस मिनिटं खटपट करतो आणि मग नाद सोडतो. डेन ऑडेन यांनी फिलिप्स कंपनीच्या काही व्यवस्थापकांनाच नव्या वस्तू शनिवार-रविवारसाठी घरी नेऊन वापरायला दिल्या. सोमवारी ते वैतागून परत आले.

कॉस्टकोचा फुकट फोन महत्त्वाचा ठरतो तो इथे. वायफाय जुळत नाही म्हणून परत येणारा टीव्ही दहा मिनिटांच्या बोलण्याने घरीच राहत असेल, तर ती दहा मिनिटं दुकानाला खोकं उघडून तपासण्यापेक्षा स्वस्त पडतात. रीस्टॉकिंग फीने हा प्रश्न सुटत नाही. ज्याला टीव्ही लावता येत नाही तो फी बघून टीव्ही ठेवून घेईल, पण पुढचा टीव्ही दुसऱ्या दुकानातून आणेल.

परतीच्या नियमांचं गणित सरळ चालत नाही याचा आणखी एक पुरावा २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये आला. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी एकवीस शोधनिबंध एकत्र तपासले. परतीचे नियम सैल केले की परती वाढतात, पण खरेदी त्याहून अधिक वाढते. आणि मुदत लांबवली तर परती उलट कमी होतात. चौदा दिवसांत निर्णय घ्यायचा असला की माणूस तारखेवर डोळा ठेवून असतो. तीन महिने असले की खोकं कोपऱ्यात सरकतं, वस्तू अंगवळणी पडते आणि पावती सापडेनाशी होते.

यातूनच बेस्ट बायने २०२३ मध्ये नवी शक्कल काढली. वर्षाला ४९.९९ डॉलर भरणाऱ्या ‘प्लस’ सभासदांना बहुतेक वस्तू परत करायला १५ ऐवजी ६० दिवस मिळतात. मन बदलण्याची किंमत आता परतीच्या काउंटरवर न कापता वर्षाच्या सुरुवातीलाच घेतली जाते, आणि जो काहीच परत करत नाही तोही ती भरतो.

खोकं जातं कुठे

अमेरिकेच्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ८९० अब्ज डॉलरचा माल परत आला. एकूण विक्रीच्या १६.९ टक्के. यात कपडे, फर्निचर, सगळंच धरलेलं आहे. यातला काही माल पुन्हा दुकानात विकला जातो, काही उत्पादकाकडे जातो. उरलेला लाकडी पॅलेटवर रचून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून लिलावात काढला जातो. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘लिक्विडिटी सर्व्हिसेस’सारखी कंपनी याच धंद्यावर उभी आहे. पॅलेट घेणारा छोटा व्यापारी मोघम यादी बघून बोली लावतो. त्यातले किती हेडफोन चालतात आणि किती खोक्यांत नुसता थर्माकोल आहे, हे त्याला गोदामात पॅलेट फोडल्यावर कळतं.

काही वस्तू तिथवरही पोचत नाहीत. जून २०२१ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने अ‍ॅमेझॉनच्या स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गोदामात लपवून केलेलं चित्रण दाखवलं. टीव्ही, लॅपटॉप, हेडफोन ‘नष्ट करा’ असा शिक्का मारलेल्या पेट्यांत भरले जात होते. काही न विकलेले, काही परत आलेले. एका आठवड्यात अशा सुमारे सव्वा लाख वस्तू. फ्रान्सने न विकलेल्या मालाची अशी विल्हेवाट लावायला २०२२ पासून कायद्याने बंदी घातली आहे.

लबाडीही या वाटेने येते. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या एका जोडप्याने अ‍ॅमेझॉनकडून गोप्रो कॅमेरे, एक्सबॉक्स, सरफेस टॅबलेट अशा २,७०० हून अधिक वस्तू मागवल्या, बिघडल्याच्या तक्रारी केल्या, बदली वस्तू फुकट मिळवल्या आणि विकल्या. रक्कम बारा लाख डॉलर. २०१७ मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी प्रत्येकी जवळपास सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच २०१७ मध्ये दिल्ली पोलिसांनी एकवीस वर्षांच्या तरुणाला पकडलं. त्याने अ‍ॅमेझॉनवरून १६६ महागडे फोन मागवले, प्रत्येक वेळी खोकं रिकामं निघाल्याची तक्रार केली आणि सुमारे पन्नास लाख रुपये परत मिळवले, असा पोलिसांचा आरोप होता.

हक्क कुणाचा

अमेरिकेत दुकानातून घेतलेली धडधाकट वस्तू परत करण्याचा हक्क देणारा देशव्यापी कायदा नाही. दुकानदार परत घेतो तो त्याच्या धोरणाने. राज्यांचे कायदे एवढंच पाहतात की धोरण आधी सांगितलंय का. न्यूयॉर्कमध्ये परतीचे नियम, रीस्टॉकिंग फीसह, दिसेल अशा जागी लावावे लागतात. लावले नसतील तर ग्राहक ३० दिवसांत पैसे मागू शकतो. कॅलिफोर्नियातही सात दिवसांत पूर्ण पैसे देणार नसाल तर तशी पाटी हवी. म्हणजे पंधरा टक्के कापायला मनाई नाही, गुपचूप कापायला आहे.

युरोपीय संघाने नेमकं उलट केलं. १३ जून २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत, कारण न देता परत करता येते. रीस्टॉकिंग फी लावायची सोय नाही. परत पाठवायचा खर्च ग्राहकावर टाकता येतो, आणि दुकानात वस्तू जेवढी हाताळून पाहता आली असती त्यापलीकडे वापरली असेल तर उतरलेली किंमत कापता येते. लॅपटॉप चालू करून पाहणं चालतं. आठवडाभर काम उरकणं नाही. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क लागू नाही, हे मात्र अनेक युरोपीय ग्राहकांनाही ठाऊक नसतं.

या नियमांमागे एक मजेशीर जर्मन खटला आहे. २००५ च्या डिसेंबरमध्ये एका बाईंनी इंटरनेटवरून २७८ युरोला जुना लॅपटॉप घेतला. आठ महिन्यांनी त्याचा पडदा बिघडला. विक्रेत्याने फुकट दुरुस्तीला नकार दिला, तेव्हा बाईंनी करारच रद्द केला. माघार घेण्याच्या हक्काची माहिती विक्रेत्याने नीट दिली नव्हती, त्यामुळे मुदत संपलीच नव्हती. विक्रेत्याने प्रतिदावा केला: आठ महिने वापरला त्याचं भाडं द्या. बाजारभावाने त्याचा हिशेब ३१६ युरो ८० सेंट, म्हणजे लॅपटॉपच्या किमतीहूनही जास्त! ३ सप्टेंबर २००९ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की हक्क वापरणाऱ्याकडून सरसकट वापराचं भाडं मागता येणार नाही. अप्रामाणिक वापर केला असेल तर गोष्ट वेगळी.

भारतात रीस्टॉकिंग फीची ओरड ऐकू येत नाही, कारण उघडलेलं खोकं परत घेण्याची पद्धतच नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य मराठी माणसाने बिलावर हजारदा वाचलंय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला पुरता मान देत नाही: सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पण दोष हवा. रंग आवडला नाही, आता नको वाटतोय, अशा ग्राहकासाठी कायद्यात जागा नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणं बंधनकारक केलं. बदललेल्या मनाचा विषय काढलेला नाही.

ऑनलाइन दुकानांनी सुरुवातीला दाखवलेली उदारताही लवकर आटोपली. अ‍ॅमेझॉनने फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतात मोबाइलचे पैसे परत देणं थांबवून फक्त बदली फोनची सोय ठेवली. फ्लिपकार्टने त्याच वर्षी मोबाइलसह इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मुदत ३० वरून १० दिवसांवर आणली. रस्त्यावरच्या दुकानात तर नवा फोन चालूच झाला नाही तरी आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन, फोन मुळातच बंद होता असं ‘डीओए’ प्रमाणपत्र आणावं लागतं. ते मिळेना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

न्यू जर्सीतून सुट्टीला येणारा मुलगा आईवडिलांसाठी लॅपटॉप घेऊन येतो, तेव्हा या दोन पद्धतींची गाठ पुण्याच्या दिवाणखान्यात पडते. बेस्ट बायचे पंधरा दिवस वस्तू ग्राहकाच्या हाती पडल्याच्या तारखेपासून मोजले जातात, सुटकेस उघडल्याच्या तारखेपासून नाही. वडिलांना पडदा लहान वाटतो हे कळेपर्यंत ते बहुधा संपलेले असतात.

त्यापेक्षा वस्तू पुण्यातच मागवावी, तर तिथली तऱ्हा आणखी निराळी. महागड्या फोनसाठी फ्लिपकार्टची ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी आहे. खोक्यात फोनऐवजी साबणाची वडी निघाल्याच्या बातम्या गाजल्यानंतर ही पद्धत रुळली. डिलिव्हरीवाला दारातच सील फोडतो, फोन, चार्जर, केबल दाखवतो. ग्राहकाने मॉडेल, रंग, काच बघायची आणि मगच ओटीपी सांगायचा. चुकीचं मॉडेल, फुटलेली काच, गायब चार्जर या तक्रारी तिथेच, जिन्यात उभं राहून करायच्या. फोन तापतो किंवा बॅटरी टिकत नाही ही तक्रार पुढच्या काही दिवसांत, बहुधा सर्व्हिस सेंटरमार्फत. फोन हातात बसत नाही, ही तक्रार नोंदवायला दोन्हीकडे रकाना नाही.